जखमेची कड

माझी मावशी सत्तावीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. घरात तिला सगळे भिंगवाली म्हणतात. जीभ तिखट, पण हात नेमका. तिच्या हातून चूक होईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

बाबा शिंपी. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चार महिने जखम चिघळत होती. गोळ्यांनी पू आटायचा, आठवड्यात पुन्हा भरायचा. शेवटी सर्जन म्हणाले, "कर्करोगाची शंका आहे. गुरुवारी कापून बघू, पण अंगठ्याची आशा धरू नका." कात्री धरणाऱ्या माणसाचा अंगठा! आईच्या तोंडचं पाणी पळालं.

बुधवारी पट्टी बदलताना मावशीने जखम दिव्याखाली धरून नीट पाहिली. जखमेची कड उंच, टणक झाली होती.

"भाऊजी, मागचा नमुना मी मधल्या पुवाचा घेतला."

"मग?"

"कडही खरवडायची असते. तुम्ही ओरडलात, मला दया आली, मी सोडून दिली."

परक्याचा हात असता तर तिने खुशाल ओरडू दिलं असतं. त्या दुपारी तिने कड खरवडली आणि बाबांनाही ओरडू दिलं.

खरवडलेलं काचपट्टीवर पसरून, रंगवून तिने ती काच भिंगाखाली धरली. मागच्या वेळी पुवात जंतूंशी झटणाऱ्या पांढऱ्या पेशींची झुंबड दिसली होती, तेवढ्यावरच तिने अहवाल लिहिला होता. आता मोठ्या भक्षक पेशी दिसत होत्या आणि त्यांच्या पोटात इवले ठिपके. वाळूमाशी चावल्यावर शिरलेले परजीवी.

"बघ मेल्यांना! ज्यांनी गिळलं त्यांच्याच पोटात संसार थाटलाय. आयत्या बिळावर नागोबा!" ती मला म्हणाली. "जंतू मागाहून आले, उघड्या जखमेत. गोळ्या त्यांनाच लागत होत्या, हे आत सुखरूप." मग ती खुर्चीत मागे टेकली. "याला औषध आहे गं."

सर्जननी काच स्वतः पाहिली आणि गुरुवारचं ऑपरेशन रद्द केलं. मला एकदम हलकं वाटलं. आई बाकावर बसून हमसून रडली.

"चूक माझी होती, भाऊजी," मावशी म्हणाली.

"तुझ्या दयेपायी अंगठा जात होता," बाबा म्हणाले. "पुन्हा माझी दया करू नकोस."

आई रडता रडता हसली. मावशीला हसू आलं नाही. तिने बाबांचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.