रुमालाखालची बोटं

हाक मारल्यावर जो माणूस वळून बघत नाही, त्याला ती ऐकूच आली नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

माझे वडील वडूजकडचे, बैलांचे दलाल. मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला. आता डोळे उघडतात, मिटतात, पण कुणावर ठरत नाहीत. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत खोलवर बारीक तार बसवतात, छातीतल्या यंत्रातून तिला हलकी वीज देतात. अशा रुग्णांसाठी हा अजून प्रयोगच आहे. जाग येईलच असं नाही. मुंबईचे डॉक्टर यांना त्यात घेतील, पण जाणिवेची खूण दिसली तरच. सांगितल्यावर बोट हलवलं, एवढं मला खात्रीनं दिसू दे."

आई आणि मी आळीपाळीनं सांगत राहिलो, बोट हलवा. हात उशीवर तसाच पडलेला.

मग त्यांचे बाजारातले जोडीदार, आमचे काका, भेटायला आले. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारच्याला कळता कामा नये. काकांनी सवयीनं खांद्यावरचा रुमाल वडिलांच्या हातावर टाकला, आत हात घातला.

"काय गड्या, झोपून भाव पाडतोस व्हय? खिलार खोंड हाय, दोन दाती, ऐन तरणा. बोल की."

थोड्या वेळानं ते एकदम हसले. "आरं लबाडा! निम्म्यानं मागतोस?"

मी धावत जाऊन बाईंना घेऊन आले.

"रुमाल काढा," त्या म्हणाल्या.

"उघड्यावर न्हाई बोलायचा त्यो. जल्मात न्हाई बोलला."

"मला दिसायला हवं, काका."

रुमाल निघाला. हात निपचित. बाईंनी घाई केली नाही, खुर्ची ओढून बसल्या. शेवटी रुमाल पुन्हा टाकून स्वतःचा हात आत घातला. "काहीच नाही."

"तुमी कुठं गिऱ्हाईक हाय?" काका म्हणाले.

काका पुन्हा रुमालाखाली हात घालून बसले तेव्हा मी मोबाईलवर टिपून घेतलं. त्यात कापड हलताना दिसतं. बोट कुणाचं, ते दिसत नाही. "न पाहिलेलं मी कसं लिहू?" बाई म्हणाल्या, आणि मुंबईला कळवलं: प्रतिसाद नाही.

मी पत्रकं वाचत, वाटत वाढले. कुठंही अन्याय दिसला की माझा हात कागदाकडं जातो, आणि मी लिहिलेली पत्रकं बाजारात वडीलच वाटायचे. या वेळी कागद समोर घेतला, पण कुणाविरुद्ध लिहू? बाई खोटं बोलल्या नाहीत. काकाही बोलले नसतील. की त्यांना आपल्याच बोटांचा भास झाला? वडिलांनाच विचारायला हवं, आणि तेच जमत नाही. आई रोज रुमाल धुऊन उशाशी ठेवते.

म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी. तुमच्या ओळखीत असं कुणी पडून असेल, तर त्याच्या अंथरुणाशी उभं राहून "आता काय उरलंय" म्हणू नका. त्याचे हात आयुष्यभर जे करत आले, तेच त्याच्या हातात द्या. वाट बघा. आणि डॉक्टरांना समोर बसवून, हात उघडा ठेवून करा. आमच्यासारखं झाकून करू नका.