पाठमोरी माणसं

मानोंग तिवो, म्हणजे आमचा तिवोदादा, चित्रांत चेहरे काढत नाही. आमच्या बेटावर कुणालाही विचारा, हेच सांगतील, आणि वर हसतील. तीस वर्षं त्यानं धक्क्यावर मासळीच्या पाट्या वाहिल्या. ओळीत चालताना पुढच्याची पाठ दिसते, तेवढंच. घामानं चिकटलेला सदरा, मानेवरचं वाळलेलं मीठ, भाराखाली एका अंगाला गेलेला कणा. शिकवणारं कुणी नव्हतं. रोज जे दिसलं तेच हातात उतरलं.

रंग होड्यांचे. कुणी होडी रंगवली की डब्यात उरलेलं तिवोकडे येतं. म्हणून त्याची माणसं निळी, हिरवी, लाल. कापड निवडणुकीचं. मतदान संपलं की मेयरच्या हसऱ्या तोंडाचे फलक अख्खा गाव काढून नेतो. माझ्या खानावळीवर तेच छप्पर आहे, शेजारच्या डुकरांवरही तेच. तिवो ते फलक जोडून शिवतो आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवतो.

यंदा संत पेद्रोच्या सणाला मेयर येणार होता. आम्ही जाळी वाळवतो त्या किनाऱ्याला कुंपण घालून तिथं हॉटेल उठवायचं ठरलं होतं, आणि ते बास्केटबॉलच्या मैदानातल्या मंचावरून जाहीर व्हायचं होतं. आमच्या वस्तीचा प्रमुख रोमेल, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्यानं मंचामागे लावायला तिवोला मोठं चित्र सांगितलं. तिवोचं चित्र तोवर माझ्या खानावळीखेरीज कुठंच लागलं नव्हतं. दोन महिने तो धड जेवला नाही.

बेचाळीस माणसं. सगळी पाठमोरी, खांद्याला खांदा लावून समुद्राकडे बघत उभी. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही, तरी मी माझी ओळखली. डावा खांदा उतरलेला.

कॅप्टन चित्र बघायला आला. "मानोंग, पाहुण्यांनी बघायचं काय? बेचाळीस ढुंगणं?"

"चाळीस. दोन पोरं कडेवर आहेत."

"तोंडं फिरव त्यांची. जरा हसू दे."

"इकडं वळून बघण्यासारखं काय आहे?"

"मी आहे की."

"म्हणूनच नाही वळत."

"मग मंचावर हे लागणार नाही," कॅप्टन म्हणाला, आणि शहरातून छापील फलक घेऊन आला.

सणाच्या सकाळी तिवोनं गुंडाळलेलं कापड खांद्यावर घेतलं. त्याच्या जुन्या ओळीतले हमाल मागून चालले. जाळी वाळवायच्या बांबूंवर त्यांनी ते ताणून बांधलं, रंगवलेली बाजू गावाकडे. चित्रातली माणसं समुद्राकडे बघत होती आणि त्यांच्यापलीकडे खरा समुद्र होता. मैदानातली गर्दी हळूहळू किनाऱ्यावर आली.

कॅप्टन मासे कापायची सुरी घेऊन आला. "उतरव, नाहीतर फाडतो."

"फाड." तिवो बाजूला झाला.

दोऱ्यांच्या गाठी समुद्राच्या बाजूला होत्या. त्या कापायला कॅप्टन वळसा घालून तिकडे गेला आणि थबकला. मीही मागोमाग गेले होते. तिकडे पाच मेयर हसत होते, एकेक दाराएवढा. दोन तर उलटे, हनुवटी वर. आणि भूशिराला वळसा घालून संताची मिरवणूक येत होती. सजवलेल्या होड्या, पहिल्या होडीत छत्रीखाली खुद्द मेयर. आपली तोंडं पाहून तो हात हलवू लागला.

कॅप्टननं सुरीचा हात पाठीमागे लपवला आणि दुसरा हलवला.

"मुद्दाम केलंस ना?" दातांमधून तो म्हणाला.

"कापडाला दोन बाजू असतात, पोरा," पलीकडून तिवोचा आवाज आला. "मी एकच रंगवली."

तिसऱ्या दिवशी कुंपणाचे खांब घेऊन कामगार आले. कापड वाटेत होतं. मेयरचं तोंड खाली उतरवायला कुणी तयार होईना. कॅप्टननं लेखी हुकूम द्यावा म्हणाले. कॅप्टनला तेव्हापासून ताप आहे. खांब वाळूत आडवे पडलेत. आम्ही त्यांच्यावर जाळी वाळत घालतो.