मेढीपुरती माती

"ब्लॉक उखाडनेवाले को नोटीस दो. नहीं माना तो घर रद्द," डीई साहेब, म्हणजे माझे वरिष्ठ इंजिनिअर, फोनवर सांगत होते, तेव्हा मी त्या उखडलेल्या जागेजवळच उभी होते. आणि उखडणाऱ्या लक्ष्मीकाकू हातात पहार घेऊन माझ्यासमोर.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या कडेची ही डबल बेडरूम कॉलनी. सरकारनं दिलेली घरं, तीन मजली इमारती, मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण. मी तिथली साइट इंजिनिअर. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी, तीही सिव्हिलची. हे मी कुणी न विचारताही सांगते.

अंगणात आम्ही पेव्हर ब्लॉक बसवले होते. म्हणजे सिमेंटच्या जाड विटा, खाली नुसती वाळू. एकमेकींना दाबून धरतात म्हणून टिकतात. एक निघाली की पावसात वाळू वाहते, शेजारच्या डुगडुगायला लागतात. साहेबांचा राग उगाच नव्हता. त्यात नुकताच सॅटिस्फॅक्शन सर्व्हे झालेला. घरोघरी जाऊन विचारलं, तर कॉमन एरियाबद्दल सगळे समाधानी. काकूसुद्धा.

"मग उखडून काऊन राह्यल्या, काकू?"

"पोरीचं लगन हाये. मेढ मातीत रोवा लागते. सिमेटात रोवू का?"

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, उंबराच्या फांदीचा. आम्ही बौद्ध, आमच्यात ती नसते. पण इथल्याच जैनथ भागातल्या लग्नांत जेवूनच मी मोठी झाले, मला समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारच्या इमारतीत एकांनी तेलाच्या डब्यात माती भरून मेढ उभी केली होती. त्या पोरीला सासरचे अजून 'डब्यातली नवरी' म्हणतात. काकूंना आपल्या पोरीसाठी तेच नको होतं.

सर्व्हेवाल्यांना हे का नाही सांगितलं, असं विचारलं, तर काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

"घर देनाऱ्याले नावं ठेवाव का, बाई?"

मी नोटीस काढली नाही. थेट ऑफिसला गेले. साहेब तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलतात. म्हणाले, "इन लोगों को फ्लॅट में रहना नहीं आता."

"आता है सर. हमको आँगन बनाना नहीं आया."

लगेच मी कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक इमारतीच्या दारासमोर एक चौकोन मोकळा ठेवायचा. भोवती काँक्रीटची कड, म्हणजे वाळू हलणार नाही. आत काळी माती. मंजुरीसाठी नाव काय देणार, त्यांनी विचारलं. ट्री पिट, मी म्हटलं. म्हणजे झाडाचं आळं.

"झाड किधर है?"

"उंबर का है सर. मंडप निकलने तक रहेगा."

साहेब हसले नाहीत. सही मात्र केली.

कड पक्की झाली आणि काकूंच्या दारासमोर, मातीत, मेढ उभी राहिली. व्याह्यांनी येता येताच ती हलवून पाहिली. हलली नाही. साहेबही जेवायला आले होते. काकूंनी त्यांना टॉवेल-टोपी दिली.

पुढच्या पावसाळ्यात त्या अंगणातला एकही ब्लॉक सरकला नाही. आता कुठल्याही कॉलनीत गेले की सर्व्हे मी नंतर वाचते, आधी अंगणात चक्कर मारते. लोक तोंडानं समाधानी असतात. खरं ते पहारीनं बोलतात.