शांतीबाईंचे दोन हात

शांतीबाई पडल्या तेव्हा घरात सगळे होते. जेवणं उरकली होती. त्यांचा मुलगा भूपेंद्र केळीच्या गाडीसाठी कुणाला तरी फोनवर झापत होता. सीमा मोरीत भांडी घासत होती. सासूबाई ओट्याच्या पायरीवरून घसरल्या त्या थेट उजव्या मनगटावर आदळल्या.

शहाद्याच्या हाडांच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं आणि सीमाकडे बघून सांगितलं, "या वेळी मनगटावर भागलं. पुढच्या वेळी खुबा जाईल, मग या उठणार नाहीत." शेजारी मुलगा बसलेला असताना तो हे सुनेकडे बघून का बोलला, हे सीमाला विचारावं लागलं नाही.

प्लास्टर निघेपर्यंत तिने सासूला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं, वेणी घातली. शांतीबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. तापीच्या पलीकडून या घरात आल्या तेव्हा पंधरा-सोळाच्या असतील. कापूस वेचला, म्हशी सांभाळल्या, नवऱ्यालाही पोचवलं. कुणाच्या हातचं खाणं त्यांना कधी आवडलं नाही, आणि आता कुणाच्या हातून न्हाणं तर मुळीच नाही. "पाणी ऊन शे का तुन्हा राग?" असं तांब्याखालूनही विचारायच्या.

संडास-बाथरूम अंगणाच्या पुढच्या कोपऱ्यात. तिथे जायचं तर ओटा ओलांडून पायऱ्या उतराव्याच लागतात. घराच्या मागे दुसऱ्याची भिंत. म्हणून भूपेंद्रने वेल्डर बोलावून पायऱ्यांना स्टीलचा पाइप लावून घेतला, बल्ब लावला, गुळगुळीत फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. शेजारची रेवाबाई बघून गेली. "बँकमा ऱ्हास तसा कठडा शे वं तुमना घर," म्हणाली.

प्लास्टर निघून चार दिवस झाले नाहीत तोच शांतीबाई त्याच पायरीवर पुन्हा घसरल्या. नशिबाने खालून सीमा धुणं घेऊन येत होती. सासू तिच्या अंगावर आली, धुणं मातीत गेलं.

"पाइप कसासाठी लायेल शे, आई? धराले काय व्हस?"

"कोनता हातवरी धरू?" शांतीबाई धापा टाकत म्हणाल्या.

तेव्हा सीमाने बघितलं. डाव्या हाताने त्यांनी तोंडावर ओढलेला पदर हनुवटीशी धरला होता. उजव्या हातात चपला होत्या. ओट्यावर खाटेवर त्यांचे मोठे दीर लोटनआप्पा बसले होते. जेठासमोरून जाताना तोंड झाकायचं आणि पायातलं हातात घ्यायचं, हे शांतीबाई लग्नापासून करत आल्या होत्या. आप्पा दिवसभर ओट्यावरच असत. त्यामुळे पाइप कितीही चकचकीत असला तरी तो धरायला हात उरत नव्हता, आणि पदराआडून पायरी दिसत नव्हती.

सीमाने भूपेंद्रला सांगितलं. आप्पांशी ती स्वतः बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायचा आणि मागे फिरायचं.

"मी काय सांगू आप्पाले? मोठा मानूस शे. ओटावरतीन ऊठ म्हनू?"

"मंग आईले सांगा, तोंडवर पदर नका घेऊ."

"ते तूच सांग," असं म्हणून तो शेतात गेला.

आप्पांची नजर अधू झाली होती, तेच तिने सासूला सांगून पाहिलं. "आप्पासले आते समोरना मानूस दखास नै, आई."

"त्यासले नै दखास. गावले दखास ना."

संध्याकाळी सीमा चहा ठेवून मागे फिरली नाही. डोक्यावरचा पदर सावरून, जमिनीकडे बघत तिने सगळं सांगितलं. आप्पांनी बशीतला चहा फुंकून संपवला.

"आजलोंग तुन्हा आवाज चुल्हाकडतीनच आयका," ते म्हणाले. "बरं. ती ईनी का मी मधमा जासू."

दुसऱ्या दिवशी शांतीबाई दारात येताच ते खरोखर आत जायला उठले. उठले आणि कलले. खाटेची कड हाताला लागली म्हणून बचावले. सीमा सासूला सोडून त्यांच्याकडे धावली, आणि शांतीबाई पायरीच्या तोंडाशी पदर धरून एकट्या उभ्या राहिल्या. एकीला सांभाळावं तर दुसरा जायचा. तिने आप्पांना बसवलं आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"सीमा," आप्पा रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "तुन्हा सासूले सांग, चपला पायमा घाल म्हना. मी काय कोतवाल शे का?"

पदराआडून उत्तर आलं. "त्यासले सांग, इतला वरीस नै घाल्या, आते मराना टाइमले घालू का?"

सीमाने कुणालाच काही सांगितलं नाही. मध्ये हातभर अंतर होतं, दोघांनाही ऐकू गेलं होतं.

"पदर?" आप्पांनी विचारलं.

"पदर नै सुटाव."

आप्पांनी विचार केला. "मंग आसं कर. चपला सीमा लई जाई. तिना एक हात मोकळा ऱ्हाई."

"हां, हाई बरोबर शे," शांतीबाई म्हणाल्या. साऱ्या आयुष्यात दोघांचं एवढं एकमत कधी झालं नसावं. त्यांनी चपला सीमाच्या हातात दिल्या आणि मोकळ्या हाताने पाइप धरला. बोटांची पेरं पांढरी झाली. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची, अशा त्या खाली उतरल्या.

तेव्हापासून हेच चाललंय. सकाळी, दुपारी, संध्याकाळी हाक येते, "सीमा, वं." ती तव्यावरची भाकरी सोडून चपला उचलते, पुढे जाऊन बाथरूमच्या दाराशी मांडते, थांबते, आणि परतताना पुन्हा उचलते. शांतीबाई अजून पडलेल्या नाहीत. खुबा शाबूत आहे. एकदा तिने भूपेंद्रला म्हटलं, कधीतरी तुम्ही न्या. "मायन्या चपला मी उचलू? आप्पासमोर?" तो म्हणाला.

भाकरी रोज एक तरी करपते. ती भूपेंद्रच्या ताटात वाढून सीमा पुढची थापायला घेते, कान बाहेर ठेवून.