बीजिंगच्या आभाळातल्या शिट्ट्या

ट्राममधून उतरून घरी येताना आज ओल्या विटांच्या भुकटीचा वास नाकात शिरला आणि मी थबकले. पलीकडच्या गल्लीतल्या, एकाला एक चिकटलेल्या लाल घरांच्या खिडक्यांना कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, कधीच पत्रे ठोकले होते. आज एका टोकाला पाडायचं मशीन लागलंय. उघड्या पडलेल्या भिंतीवर कुणाच्या तरी बेडरूमचा गुलाबी वॉलपेपर मॅंचेस्टरच्या पावसात भिजतोय. हा वास मला आधी नुसता ऐकून माहीत होता. सांगणारी माझी हाउसमेट होती, मूळची बीजिंगची.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका घरात भाड्याने राहायचो. मी दिवसभर कोड लिहायची. ती चीनची मोठी शहरं शतकानुशतकं कशी वाढत गेली यावर पीएचडी करत होती. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत, तिचं संथ आणि माझं पुणेरी सरबत्तीसारखं. रविवारी सकाळी मी पोळ्या लाटायला घेतल्या की ती ओट्यावर सांडलेली कणीक स्वतःपुढे ओढायची आणि बोटाने त्यात शहरं काढायची.

"ही हजार-बाराशे वर्षांपूर्वीची राजधानी. चौकोनात चौकोन. प्रत्येक वस्तीला भिंत, भिंतीला दार. संध्याकाळी ढोल वाजले की दारं बंद. नंतर रस्त्यावर सापडलीस तर फटके."

"म्हणजे आमचं लेडीज हॉस्टेलच की गं!" मी म्हणायची, आणि ती खळखळून हसायची. मग पुढची राजधानी. तिथे व्यापाऱ्यांनी त्या भिंतींना जुमानलं नाही, दुकानं थेट रस्त्यावर आली, अंधार पडल्यावरही दिवे जळत राहिले. मग नदीकाठचं शांघाय. आधी कापसाच्या व्यापाराचं लहानसं तटबंदीचं गाव, परदेशी जहाजं आली आणि ते बघता बघता फुगलं. मग दक्षिणेतलं एक शहर, तिच्या आईवडिलांच्या तरुणपणी जिथे भातखाचरं आणि मासेमारीच्या होड्या होत्या, आणि आता इमारतींची टोकं ढगात. प्रत्येक शहराआधी ती तळव्याने कणीक सपाट करायची. "नवं काढायचं तर जुनं पुसावंच लागतं," हे ती अगदी सहज म्हणायची. खरं सांगते, मला तो तळवा आवडत नसे.

बीजिंग शेवटी यायचं. मंगोल राजांच्या काळापासूनच्या गल्ल्या, भोवती थोरला तट. तट तिच्या जन्माआधीच पाडला, त्याच्या जागी रुंद रस्ता गेला. आत उरल्या त्या राखी, बैठ्या घरांच्या गल्ल्या. त्यातल्याच एका घरात, अंगणात कबुतरं पाळून, तिचे बाबा एकटे राहत होते.

पोळ्या झाल्या की ती त्यांना फोन लावायची. इथली सकाळ म्हणजे तिथे दिवस कलायला आलेला. त्या गल्ल्यांतली जुनी रीत अशी, की कबुतराच्या शेपटीला वाळवलेल्या भोपळ्याची नाहीतर बांबूची हलकी शिट्टी बांधायची. थवा उडाला की वारा शिट्ट्यांत शिरतो. बाबा रिसीव्हर दाराबाहेर धरायचे आणि आमच्या किचनमध्ये, स्पीकरवर, लांबलचक थरथरता सूर घुमायचा. "अगं बाई, हे तर आभाळच गुणगुणतंय!" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओरडलेच.

एका रविवारी त्या सुराखाली धप् धप् ऐकू आलं. बाबांच्या शेजारच्या घराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात एक अक्षर काढून त्याभोवती गोल केला होता. अर्थ एवढाच, की हे पाडायचं. मग दर रविवारी ती धपधप जवळ येत गेली आणि तो पांढरा गोल बाबांच्याही भिंतीवर आला. पाणी तोडलं. बाबा हलेनात.

ती फोनवर चिनीत भांडायची आणि फोन ठेवून इंग्रजीत रडायची. "भिंत अंगावर पडेल त्यांच्या! म्हणतात, कबुतरं नव्या घरी राहणार नाहीत. मी सांगितलं, महिनाभर कोंडून ठेवा, सवय होईल. हजार वर्षं शहरं हलताहेत, बाबा, पक्षी हलणार नाहीत?"

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. बरं म्हणाले."

आईवडिलांपासून लांब राहणाऱ्या कुणालाही हे 'बरं' ओळखू येतं. पण तिच्या चेहऱ्यावर कितीतरी आठवड्यांनी सुटकेचं हसू होतं, मी चहा टाकला.

बाबा शहराच्या पार कडेला, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये गेले. महिनाभर कबुतरं बाल्कनीत कोंडली. मग दार उघडलं. कोवळी पिल्लं एक फेरी मारून परत आली. म्हातारी कबुतरं सरळ जुन्या गल्लीकडे गेली, आणि त्यांच्यामागे, बस पकडून, बाबा.

त्या रविवारी माझ्या पोळ्या चालू असतानाच त्यांनी मोबाइलवरून फोन केला. शिट्ट्या वाजत होत्या. "ऐक, ऐक, वाजताहेत!" ती आनंदाने माझा दंड धरून म्हणाली. मग बाबा काहीतरी बोलले आणि तिचा हात सैल पडला. दुपारपासून कबुतरं तशीच फिरताहेत, असं ते सांगत होते. छप्पर नाही, अंगण नाही, खाली नुसती मशीनं. भिऊन उतरतच नाहीत. आम्ही दोघी ओट्याला टेकून ऐकत राहिलो. दमलेलं एकेक पाखरू कुठे जात होतं कोण जाणे, सूर विरळ होत गेला. तव्यावरची पोळी करपली तरी मी हलले नाही.

"बाबा, आता घरी जा," ती म्हणाली. ते काय म्हणाले हे तिने मला बऱ्याच वेळाने सांगितलं.

"कुठल्या?" एवढंच विचारलं होतं त्यांनी.

शहराला घाई असते खरी, पण त्याच्या हाताशी शतकंही असतात. तिच्या बाबांच्या हाती तेवढी एक संध्याकाळ होती, आणि तिथे अंधारून येत होतं.