आधी मी उघडून पायतो

"आधी मी उघडून पायतो, मंग तुमाले देतो."

मॅडमचं हे ठरलेलं वाक्य. आमच्या वऱ्हाडात बायाही ‘पाहते’ न म्हणता ‘पायतो’च म्हणतात, आणि मॅडम मूळच्या मूर्तिजापूरकडच्या, त्यामुळे त्यांच्या तोंडी ते वाक्य अगदी घट्ट बसलं होतं. वाक्य म्हणताना फोन छातीशी धरायच्या, जणू त्यातून काही सांडेल.

आम्ही दोघी जिल्हा परिषदेच्या शिक्षिका. शाळा वेगवेगळ्या, पण एकाच रस्त्यावर. अमरावतीत राजापेठेत दोघींच्या खोल्या दोन गल्ल्यांच्या अंतरावर. सकाळी मी त्यांना स्कूटीवर घ्यायची, त्यांच्या गावच्या फाट्यावर सोडायची आणि पुढे माझ्या शाळेत जायची. त्या माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा अकोल्याला नोकरीला, सासू तिथंच अंथरुणाला खिळलेली. आपल्या जिल्ह्यात बदली व्हावी म्हणून त्या अकरा वर्षं अर्ज करत होत्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची कशालाच ना नसते, पण जी प्रत्येक गोष्टीला भितात. मॅडम तशा होत्या. अनोळखी नंबरवरून फोन आला की त्या तो पालथा ठेवायच्या आणि वाजून संपेपर्यंत त्याच्याकडे बघायच्या. आमच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख एकदा सहज वर्गात डोकावले, तर खडू हातात घेऊन या पाच मिनिटं नुसत्या उभ्या. महिन्याच्या बैठकीत कपाटाआड शेवटची खुर्ची त्यांची. कुणी नाव घेऊन काही विचारलं की उठायच्या आणि आपल्याच शाळेचा पट विसरायच्या.

अशा बाईनं तालुक्यातल्या शिक्षकांना मोबाईलवरून शिकवायचे खेळ आणि व्हिडिओ शोधून देण्याचं काम का अंगावर घेतलं, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांच्या पहिलीत एक मुलगी होती, वर्षभर तोंडच न उघडणारी. मॅडमना कुठेतरी अक्षरांचा एक खेळ सापडला. अक्षराला बोट लावलं की ते बोलायचं, दोन अक्षरं जवळ नेली की शब्द व्हायचा. ती मुलगी तिसऱ्या दिवशी फोनच्या आधी ‘क’ म्हणाली. मॅडमनी तो खेळ तालुक्याच्या ग्रुपवर टाकला, आणि मग थांबल्याच नाहीत.

संध्याकाळी मी परत यायची तेव्हा त्या फाट्यावरच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसलेल्या असायच्या, कारण रेंज तिथंच यायची. मांडीवर वही. वहीत त्या फोनचा पडदा पेननं काढायच्या, चौकोनासकट, आणि जिथं जाहिरात येते तिथं लाल फुली मारायच्या. बाजूला लिहायच्या, ‘इथं बोट लावू नका.’ कधी, ‘तिसऱ्या मिनिटाला आवाज मोठा होतो, लेकरं दचकतात.’ त्या पानाचा फोटो आणि लिंक ग्रुपवर जायची. खाली प्रत्येक वेळी एकच ओळ असायची, ‘दाखवायच्या आधी स्वतः उघडून पाहावे.’

त्या ओळीवरून आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्यांनी सुट्टीचं परिपत्रक टाकलं तरी कुणीतरी लिहायचं, मॅडम, उघडून पाहिलं का? त्यात मीही असायची.

त्या वर्षी आमच्या शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा होता. मुलांबरोबर आयांनाही बोलावलेलं. गावानं वर्गणी करून दिलेला मोठा टीव्ही भिंतीवर होता. मुलं आयांच्या पायाशी बसली होती आणि मला काहीतरी छान दाखवायचं होतं. मला अक्षरांचा खेळ आठवला. आदल्या वर्षी मी तो पन्नासदा वापरला होता. ग्रुपवर मागे जाऊन लिंक काढली आणि सरळ टीव्हीवर लावली.

पडदा आधी पांढरा झाला. मग जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. आवाजासकट आलं. माझ्या हातातला रिमोट चालेना, की माझी बोटंच चालत नव्हती, कोण जाणे. शेवटी भिंतीजवळ धावत जाऊन मी वायर उपटली. पाच-सात सेकंद झाली असतील.

एका आईनं मुलीचं तोंड पदरात ओढून घेतलं होतं आणि वायर उपटल्यावरही सोडलं नव्हतं. मागच्या भिंतीपाशी शाळा समितीचे लोक उभे होते. त्यातल्या एकानं शांतपणे विचारलं, "हे काय व्हय?"

आणि मी म्हणाले, "माझं नाही हे. त्या मॅडमनी पाठवलेली लिंक आहे." नाव सांगितलं. गावही सांगितलं.

समितीतल्या एकाचा मोबाईल मेळावा सुरू झाल्यापासून चालू होता, वरिष्ठांना फोटो पाठवायचे असतात म्हणून. दुपारपर्यंत ती क्लिप चार गावांत फिरली. टीव्ही त्यात धूसर दिसत होता. माझा आवाज मात्र स्पष्ट होता.

त्या संध्याकाळी मी फाट्यावर स्कूटी थांबवली. त्या पायरीवरून उठल्या. त्यांनी क्लिप पाहिली होती, चेहऱ्यावरून कळत होतं. मी वाट बघत होते की आता काहीतरी बोलतील. त्या मागे बसल्या, आणि अर्धा रस्ता संपल्यावर म्हणाल्या, "ताई, ते कोणाकोणाच्या फोनमंदी असन?"

मला आधी कळलंच नाही. मी दिवसभर माझ्या नोकरीचा विचार करत होते. त्या तालुक्यातल्या शाळांचा हिशेब करत होत्या. किती वर्गांत टीव्ही आहेत, कोण सकाळी परिपाठ झाल्यावर हाच खेळ लावतं. शिवाय त्यांनी तो स्वतःच्या वर्गातल्या आयांनाही दिला होता, घरी मुलांनी खेळावं म्हणून. "उद्या सकाळी एखांदं लेकरू उघडीन," त्या म्हणाल्या. "एकटं असन ते."

खेळाचं असं कसं झालं, हे नंतर एका जाणत्या शिक्षकानं समजावलं. ज्यांनी तो खेळ बनवला होता त्यांनी ती वेबसाईट सोडून दिली होती. नाव मोकळं झालं आणि दुसऱ्याच कुणी ते घेऊन तिथं ही घाण मांडली. पत्ता तोच, आतलं सगळं बदललेलं. पण त्या दिवशी आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की आपल्या हातून काहीतरी भयंकर सुटलं आहे आणि ते अजून फिरतं आहे.

त्यांच्या खोलीवर पोहोचेपर्यंत फोन सुरू झाले होते. जुन्या सहकाऱ्यांनी सांगितलं, ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. लिहिलं की पुरावा होतो. नवऱ्यानं अकोल्याहून तेच सांगितलं, आणि वर आठवण करून दिली की बदलीच्या यादीत यंदा त्यांचं नाव होतं. चौकशी लागली तर नाव कापलं जाणार. अकरा वर्षं गेली ती गेली.

बाहेर ट्यूशन क्लासेस सुटले होते. गाड्यांचे हॉर्न, पोरापोरींचा गलका. मॅडम पलंगाच्या कडेवर बसून टाईप करत होत्या आणि एकेक शब्द तीनदा खोडत होत्या. शेवटी त्यांनी मला दाखवलं. ‘मी पाठवलेली अक्षरांच्या खेळाची लिंक आता वाईट पानावर जाते. कोणीही उघडू नये. मोबाईलमधून व टीव्हीमधून काढून टाकावी. चूक माझी आहे.’

शेवटचं वाक्य तरी काढा, असं मी म्हणाले.

"ते काढलं तर कोणी वाचत नाई, ताई," त्या म्हणाल्या. "चूक कोणाची, तेवढंच लोक वाचतात."

त्यांनी पाठवलं. फोन खाली ठेवला, उठल्या, मोरीत गेल्या आणि त्यांना उलटी झाली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले.

पुढचे दोन दिवस त्या रजा टाकून माझ्या स्कूटीवर फिरल्या. मीही रजा टाकली होती, खरं तर शाळेत जायची माझी हिंमत नव्हती. ज्या शाळांकडून ‘काढली’ असं उत्तर आलं नव्हतं, तिथं त्या जायच्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. काही ठिकाणी शिक्षक हसले. एका ठिकाणी आम्हाला फाटकाबाहेर उभं ठेवलं.

त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या गावात घरोघर जायचं होतं. एका दारात एक बाप आडवा उभा राहिला. त्यानं क्लिप पाहिली होती. पोरीच्या हातात काय देता म्हणून तो बोलत सुटला, आणि आजूबाजूची माणसं ओट्यांवर येऊन ऐकू लागली. मी मागच्या मागे स्कूटीकडे सरकले. मॅडमच्या पदराचं टोक हलताना मला दिसत होतं. वारा नव्हता, त्याच थरथरत होत्या. पण त्या मागे हटल्या नाहीत. त्याचं बोलणं थोडं थांबलं तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, पयले फोन दाखवा. मले ते पुसू द्या. मंग जे बोलाचं ते बोला, मी इथंच उभी हावो."

त्यानं फोन दिला. त्यांनी लिंक काढली, फोन परत केला, आणि खरंच तिथं उभ्या राहिल्या. तो पुढं फारसं काही बोलला नाही.

आठवड्यात दोघींना पत्रं आली. त्यांना कारणे दाखवा नोटीस, मला लेखी जबाब द्यायचा. आता मी जे सांगणार आहे ते आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. जबाबात मी सगळं खरं लिहिलं. मेळावा, टीव्ही, वायर, लिंक कुणी पाठवली. फक्त एक गोष्ट लिहिली नाही. लिंकखाली ती ओळ होती, आणि मी न उघडता ती वर्गात लावली, हे लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं. मग मी कागद बदलला.

सुनावणीच्या दिवशी मी जिल्हा परिषदेत बाहेरच्या बाकावर होते. दार अर्धवट उघडं होतं. चौकशीचे साहेब मॅडमना विचारत होते की दाखवणाऱ्या शिक्षिकेनं आधी का तपासलं नाही. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, त्या नेहमीसारख्या सगळं विसरून उभ्या असतील. मग त्यांचा बारीक आवाज आला.

"मी पाठोतो म्हून त्यायनं भरोशावर उघडली, साहेब. मी एकदा पायलं होतं. फिरून पायलं नाई."

निलंबन झालं नाही. सेवापुस्तकात ताकीद लागली, आणि बदलीच्या यादीतून नाव गेलं. मला काहीच झालं नाही. पुढची दोन वर्षं त्या माझ्याच स्कूटीवर मागे बसून जात राहिल्या. रस्त्यात भाज्यांचे भाव निघायचे, सासूच्या औषधांचं निघायचं. त्याबद्दल एक शब्द नाही. रोज सकाळी त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला की वाटायचं, आज विचारतील. ग्रुपवर त्यांनी पुन्हा काही टाकलं नाही. तिथं आता वाढदिवस आणि सुप्रभात असतं.

बदली झाली ती सासू गेल्यानंतर. मूर्तिजापूरच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका गावात.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाटेत उतरून त्यांच्या शाळेत गेले. त्या थकल्या होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला डब्यातली अर्धी भाकरी दिली, आणि तो घास हातात असतानाच मी सांगून टाकलं. जबाबाचं. बदललेल्या कागदाचं.

"मले मायीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या जबाबाची नक्कल देली होती मले."

म्हणजे ती दोन वर्षं, रोज सकाळी, त्यांना माहीत होतं. काही विचारलं का नाही, असं मी म्हणाले.

"तुमी भेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी बी भेलीच होती. भेलेल्या माणसाले काय विचाराचं?"

आणि त्यांनी भाजी पुढे सरकवली.

शाळा सुटली तेव्हा मी बससाठी पलीकडच्या बाजूला उभी होते. निम्मी मुलं रस्त्याच्या या अंगाला राहणारी. चार पदरी हायवे, दोन्हीकडून ट्रक सुसाट येत होते. मॅडम पदर खोचून एकट्याच रस्त्याच्या मधोमध आल्या आणि त्यांनी येणाऱ्या ट्रककडे हात वर केला. मी इतक्या अंतरावरून पाहिलं, त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. ट्रक करकचत थांबला, त्याच्या मागचा थांबला, मग समोरून येणारेही थांबले. मुलं एकमेकांचे हात धरून, रमतगमत, दप्तरं सावरत ओलांडत राहिली. शेवटचं पोर माझ्या बाजूला पोहोचलं तरी त्यांचा हात वरच होता. डोळे मिटलेले असल्यानं त्यांना कळलं नव्हतं.