वहीतला ताप

माधवरावांचा फोन आला तेव्हा मी होइकुएनच्या, म्हणजे इथल्या पाळणाघराच्या, फाटकाशी ओवीला सायकलवरून उतरवत होते. "मृणाल, नीला गेली गं… पहाटे," एवढंच ते बोलू शकले. आदल्या संध्याकाळीच तर नीलाताईंनी ओवीला सांभाळलं होतं. मी ओवीचं हेल्मेट काढलं, तिला आत सोडलं, रोजच्या वहीत तिचं सकाळचं तापमान लिहिलं आणि मग बाहेर येऊन सायकलचं हँडल धरून रडले. वहीत खरं लिहायची शिस्त मला नीलाताईंनीच लावली. ती लावताना काय घडलं, हे मी आजवर नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेलं नाही.

क्योतोत त्या नवरा-बायकोची सत्तावीस वर्षं झाली होती. माधवराव विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे. शेजाऱ्याने दुसऱ्याचं मूल आणावं-पोचवावं, तासभर सांभाळावं, अशी इथे नगरपालिकेची योजना आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी नीलाताई त्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि "वर्गात सगळ्यात जास्त शंका मीच विचारल्या," हे अभिमानाने सांगत सुटल्या. गोड बोलणं त्यांना जमत नसे. मी पोस्टडॉक, म्हणजे करारावरची संशोधक, नवरा हर्षद नागोयाच्या कारखान्यात, ओवी दीड वर्षाची. पहिल्याच भेटीत माझा अवतार बघून त्या म्हणाल्या, "शेवटचं जेवलीस कधी?" तेव्हापासून अडचणीला कुणाला बोलवायचं, त्या होइकुएनच्या फॉर्मवर आमच्या दोघांच्या खाली तिसरं नाव त्यांचं.

वहीची ती शिस्त लागली त्या दिवशी माझ्या कराराच्या मुदतवाढीचं प्रेझेंटेशन होतं. करार गेला असता तर व्हिसा, ओवीची होइकुएनमधली जागा, सगळंच धोक्यात आलं असतं. सकाळी ओवीचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या वर ताप असला की होइकुएनमध्ये मूल आत घेत नाहीत. आजारी मुलांना दिवसभर ठेवून घेणारी एक खोलीही दवाखान्याला लागून आहे, सरकारी मदतीवर चालणारी. पण तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, आणि नीलाताई चार महिने कानीकपाळी ओरडत असूनही मी तो फॉर्म भरला नव्हता. मी पुण्याहून आणलेलं गुलाबी सिरप ओवीला पाजलं, अर्ध्या तासाने ताप उतरल्यावर तिला सोडलं आणि वहीत लिहिलं, छत्तीस पूर्णांक आठ. औषधाबद्दल अक्षर लिहिलं नाही. नीलाताईंचा मेसेज आला, "ओवी बरी ना?" मी लिहिलं, "एकदम मस्त."

अकराच्या सुमारास मी पाच प्राध्यापकांसमोर बोलत असताना दार उघडलं. दारात नीलाताई, सायकल दामटून आल्यामुळे धापा टाकत. त्या सरळ मराठीत म्हणाल्या, "ओवीला आकडी आली होती. आता थांबलीय, डॉक्टरांपाशी आहे. फ्रॉकला सिरपचा वास येतोय. किती दिलंस? किती वाजता?" माझा फोन बंद होता, हर्षदचा लॉकरमध्ये, म्हणून होइकुएनने त्यांना बोलावलं होतं, तिथल्या बाई ओवीजवळ दवाखान्यात बसल्या होत्या. "पाच एमएल," मी म्हटलं. "सव्वासातला." त्यांनी मान हलवली, जपानी पद्धतीने सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. खोलीतल्या कुणालाच काही कळलं नव्हतं… आणि मी पुढची स्लाइड लावली. आठ मिनिटं बोलले. प्रश्नांना उत्तरं दिली. मग दवाखान्यात पळाले.

ओवी झोपली होती. नीलाताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. घरी आल्यावर पिशवीतून आजारी मुलांच्या खोलीचा तो फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. "भर. तुझ्यासारख्या शहाण्यांसाठीच सरकारने ही सोय करून ठेवलीय." मी रडत रडत रकाने भरले. "त्यांना खोटं लिहिलंस, ते तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. "पण मला कशाला खोटं कळवलंस? मी आले असते ना!" माझा करार वाढला. त्या आठ मिनिटांबद्दल त्यांनी पुढे कधी चकार शब्द काढला नाही आणि मीही विचारायचं धाडस केलं नाही.

गेल्या आठवड्यात माधवरावांकडे गेले. चहा त्यांनीच केला, साखर घालायला विसरले. मग हळूहळू म्हणाले, "दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती. मी म्हटलं, चल, दाखवून येऊ. तर म्हणे, उद्या मृणालची मीटिंग आहे, ओवीला आणायचंय, परवा बघू."

त्या शेवटच्या संध्याकाळी नीलाताईंचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. मी विचारलंही होतं, "बऱ्या आहात ना?" "ठणठणीत," त्या म्हणाल्या होत्या, आणि मला ते खरं मानणं सोयीचं होतं. नीलाताई, मला तुमचा फार राग येतो. मी आले असते ना…

निघताना माधवरावांनी माझ्या हातात एक कागद दिला. मूल सांभाळलं की त्या दिवसाचा अहवाल लिहून नगरपालिकेत द्यावा लागतो, त्यातला हा शेवटचा. नीलाताईंच्या सरळ, टोकदार जपानी अक्षरांत सगळं आहे: पावणेपाचला होइकुएनमधून घेतलं, अर्धं केळं खाल्लं, चित्र काढलं, सव्वासहाला आईकडे सोपवलं. विशेष नोंद: काही नाही. खाली पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. वरचा मजकूर बरोबर आहे, असं मानून ती सही करायची असते. नगरपालिकेतून दोनदा विचारणा झाली. कागद माझ्या टेबलावर तसाच आहे.